मोठे दहा, सभासद 18

अमेरिकेत विद्यापीठांचा एक क्रीडासंघ आहे. नाव 'बिग टेन', म्हणजे 'मोठे दहा'. 2024 साली पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठे त्यात आली आणि सभासद झाले 18! व्याकरणात याला काय म्हणावे, हा माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराचा प्रश्न. बास्केटबॉलचा प्रश्न निराळाच आहे. दहाजण असले, की प्रत्येकाशी घरी एकदा नि परगावी एकदा खेळायला 18 सामने पुरतात. 2024-25 च्या हंगामात 20 सामने खेळूनही दोनदा गाठ पडली ती फक्त तिघांशी. गोतावळा वाढला, भेटीगाठी खुंटल्या!

आमच्याकडे गंगा उलटी वाहिली. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातून 2004 साली सोलापूर वेगळे झाले. उरले कोल्हापूर, सांगली, सातारा. जिल्हाभरचे प्रतिस्पर्धी गेले, ही हळहळ खोटी नव्हे. मग नवे जिल्हे जोडावेत काय? मला विचाराल, तर नको. सातारा-सांगली अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, सकाळी एस.टी.ने निघालेला संघ रात्री घरी येतो. त्यापलीकडे गेले की मुक्काम आला, खर्च आला आणि 'मुलीला पाठवणार नाही' म्हणणारे वडीलही आले. लांबचा सामना जिंकणाऱ्याने खेळावा. जवळचा सर्वांना मिळावा.

वाढायचेच, तर आतून वाढावे. जत, आटपाडी, दहिवडी, पाटण येथल्या आणखी मुलामुलींना सपाट मैदान, दोन कड्या आणि एक चेंडू द्या. खेळणारे वाढतील, आणि जिल्हे तीनचे तीनच राहतील!