जीमॅटमधून ‘सेंटेन्स करेक्शन’ गेलं, मग ग्रामरचा अभ्यास सोडायचा का?

एमबीए प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत अनेक वर्षं ‘सेंटेन्स करेक्शन’ हा प्रश्नप्रकार होता. वाक्याचा अधोरेखित भाग आणि पाच पर्याय. त्यातला योग्य निवडायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं आणि हा प्रकार वगळला गेला. आता व्हर्बल विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, तेही आकलन आणि तर्कावर.

म्हणजे ग्रामरपासून सुटका झाली? तसं नाही. अमेरिकेतल्या पदवी प्रवेशासाठीच्या सॅटमध्ये रीडिंग अँड रायटिंगच्या ५४ प्रश्नांपैकी साधारण पाव प्रश्न आजही व्याकरण आणि विरामचिन्हांवर असतात.

यात मराठी विद्यार्थी हमखास अडकतो तो मॉडिफायरमध्ये. मॉडिफायर म्हणजे दुसऱ्या शब्दाबद्दल जादा माहिती देणारा शब्द किंवा शब्दसमूह.

आपण सहज म्हणतो, ‘घरी चालत जाताना पाऊस सुरू झाला.’ मराठीत हे वाक्य बिनचूक आहे. चालणारा माणूस वाक्यात नसला, तरी ‘जाताना’ चालतं. तेच इंग्रजीत नेलं की होतं, ‘व्हाइल वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड.’ परीक्षेच्या नियमानुसार याचा अर्थ, पाऊसच चालत घरी निघाला होता! यालाच ‘डँगलिंग मॉडिफायर’ म्हणतात. चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळेच होते असं नाही. मातृभाषेची सवय तिथे नकळत उतरते.

मग ओळखायचं कसं? सुरुवातीच्या तुकड्याला विचारा, ‘कोण चालत होतं?’ उत्तर स्वल्पविरामानंतर लगेच कर्ता म्हणून यायला हवं. नसेल तर तो पर्याय बाद.

इथे एक सापळा असतो. ‘व्हाइल वॉकिंग होम, सीमाज फोन रँग.’ सीमाचं नाव दिसतं, म्हणून वाक्य बरोबर वाटतं. पण कर्ता आहे फोन. दुरुस्ती सोपी आहे: ‘व्हाइल सीमा वॉज वॉकिंग होम, हर फोन रँग.’ चालणारी व्यक्ती पहिल्याच तुकड्यात आली, की गोंधळ मिटतो.

जीमॅट देणाऱ्यांनाही प्रवेशासाठी निबंध लिहावे लागतातच, आणि तिथे निवडायला पाच पर्याय नसतात. म्हणून निबंध पाठवण्याआधी अशा प्रत्येक वाक्यात स्वल्पविरामाच्या पुढचा कर्ता एकदा तपासा.