फळ एकाचे, वसवा दुसऱ्याचा

बांधावरच्या झाडावरून दोन शेतकऱ्यांत तंटा लागला, की आपले अनेक कार्यकर्ते 'भाऊबंदकी' म्हणून त्याकडे पाठ फिरवतात. विषमतेविरुद्धच्या मोठ्या लढ्यात असल्या किरकोळ भांडणांना काय स्थान, असा त्यांचा सवाल असतो. ही भूमिका चुकीची तर आहेच, शिवाय ती चळवळीला गावापासून तोडणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या तंट्याचे मूळ माणसाच्या कोत्या स्वभावात नसून जमिनीच्या अर्थकारणात आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या झाल्या, तसे बांध वाढले आणि शेते अरुंद झाली. दहा एकरांच्या रानात चिंचेखालच्या चार ओळी ज्वारी खुरटली, तर मालक ते सोसतो. एका एकराच्या पट्टीत तोच वसवा घरच्या वर्षाच्या धान्यालाच हात घालतो. झाड तेच आणि सावलीही तीच. सोसण्याची ऐपत तेवढी उरलेली नाही.

कायदा येथे अर्धाच हिशेब मांडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार खातेदाराच्या जमिनीतील झाडांवर हक्क खातेदाराचा. म्हणजे बुंधा ज्याच्या हद्दीत, फळ आणि लाकूड त्याचे. सावली आणि मुळ्या मात्र हद्द जाणत नाहीत. लाभ एकाच्या पदरात आणि तोटा दुसऱ्याच्या माथी, ही विषमता कारखान्याच्या धुरात आपल्याला चटकन दिसते. बांधावर ती का दिसू नये?

बाजारवादी अर्थशास्त्री म्हणतील, शेजाऱ्यांना आपसांत सौदा करू द्या. आधाराला ते रोनाल्ड कोस यांचा १९६० चा प्रसिद्ध निबंध पुढे करतील. शेजाऱ्याच्या पिकात शिरणारी गुरे, हे त्यातलेच उदाहरण. परंतु वाटाघाटींना काहीच खर्च पडत नसेल तरच असा सौदा सुरळीत होतो, ही अट खुद्द कोस यांनीच घातली होती. गावात हा खर्च मोठा असतो. मोजणीची फी, तालुक्याच्या खेपा, वकील आणि दिवाणी दाव्यात जाणारी वर्षे यांचा भार दोन्ही बाजूंना सारखा पेलत नाही. ज्याच्या विहिरीचे पाणी आपल्या पिकाला लागते, त्याच्याशी एकरभराचा धनी कसला सौदा करणार?

मग उरते कुऱ्हाड. आंबा, चिंच, फणस, जांभूळ तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने परवानगी लागते. पण बुंध्याशी रात्री पेटवलेला जाळ परवानगी मागत नाही. वर्षानुवर्षे न बोलणारे दोन शेजारी झाड गेल्यावरच काय ते मोकळे होतात. 'झाडे वाचवा' असे शहरातून सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. परंतु त्या झाडाचा वसवा कोणी सोसायचा, हे ते सांगत नाहीत. गरिबाच्या पिकावर पोसलेले पर्यावरण फार काळ टिकत नाही.

खाजगी मालकी आहे तोवर हे चालायचेच, असे म्हणून काही मित्र मोकळे होतात. मालकीचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल; तोपर्यंत खरिपाची पेरणी दरवर्षी यायची आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी दोघांना बांधावर एकत्र बसवावे. शेजाऱ्याच्या रानावर आलेल्या फांद्या झाडाच्या मालकाने दरवर्षी स्वखर्चाने छाटाव्यात. जो वसवा सोसतो, त्याला फळांत ठरलेला वाटा मिळावा. हे सारे पंचांच्या सह्यांनिशी कागदावर यावे. आणि अल्पभूधारकांच्या वादग्रस्त हद्दींची मोजणी सरकारने विनामूल्य व मुदतीत करून द्यावी, अशी मागणी पक्षाने लावून धरावी. समतेच्या गोष्टी आपण सभांतून पुष्कळ सांगतो. एका चिंचेचा न्याय्य वाटा जो कार्यकर्ता करून देईल, त्याचे जमीनवाटपाचे भाषण गाव ऐकून घेईल.