जुन्या भिंतीतले शिसे आणि खरवडणारा हात

१/ जुन्या इमारतीचे नूतनीकरण निघाले, की पहिले काम ठरलेले असते: जुना रंग खरवडणे. इतिहासप्रेमींना त्या थरांत गतकाळ दिसतो. त्याच थरांत अनेकदा शिसेही असते. नवा विषारी रंग रोखणारे कायदे पुष्कळ झाले. जुना रंग काढणाऱ्यासाठी नियम मात्र फार उशिरा आला. या विलंबाला अज्ञान हे कारण देता येत नाही.

२/ शिशाचा सफेदा जवसाच्या तेलात कालवला, की ऊनपावसाला दाद न देणारा रंग तयार होई. म्हणून युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील असंख्य दारे, खिडक्या आणि कठडे त्यानेच रंगले. पण शिसे कुजत नाही, उडूनही जात नाही. वर कितीही नवे थर चढले, तरी खालचे शिसे जागच्या जागी राहते.

३/ १९०४ साली ब्रिस्बेनमधील नेत्रतज्ज्ञ जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या शिसेबाधेचे मूळ घरातच दाखवले. व्हरांड्याच्या कठड्यावरील रंगाची भुकटी बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी शिशाच्या रंगाला कायद्याने मनाई केली.

४/ १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्यासंबंधी करार संमत केला. इमारतींच्या अंतर्भागात सफेदा वापरण्यावर त्यात सामान्यतः बंदी होती. त्याचबरोबर कोरडे घासण्या-खरवडण्याने उडणाऱ्या धुळीपासून संरक्षण, हातपाय धुण्याची सोय आणि कामाचे वेगळे कपडे यांचीही तरतूद होती. म्हणजे खरवडणाऱ्याचा धोका तेव्हाच लेखी नोंदला गेला होता.

५/ अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १९५१ मध्ये घरांच्या आतील रंगात शिसे वापरण्यास बंदी केली. घरगुती रंगांवर देशव्यापी बंदी आली १९७८ मध्ये. ती नव्या डब्यांपुरती होती. जुन्या घरांतील रंगाची दखल १९९२ च्या कायद्याने घेतली आणि नूतनीकरणाच्या नियमासाठी १९९६ ची मुदत दिली. नियम निघाला २००८ मध्ये. पूर्णपणे लागू झाला २२ एप्रिल २०१० रोजी. जिनिव्हापासून मोजल्यास ८९ वर्षे!

६/ हा नियम १९७८ पूर्वीची घरे आणि लहान मुलांचा वावर असलेल्या इमारतींना लागू आहे. एका खोलीत ६ चौरस फुटांहून किंवा बाहेरून २० चौरस फुटांहून अधिक रंग उखडणार असेल, तर कंत्राटदार संस्था प्रमाणित आणि कामावरचा प्रमुख प्रशिक्षित हवा. खिडकी बदलायची असल्यास क्षेत्रफळाची सूटही नाही. जमिनीवर प्लास्टिक अंथरायचे. ज्योतीने रंग जाळायचा नाही. धूळ ओढून घेणाऱ्या विशिष्ट गाळणीवाचून यंत्राने घासायचे नाही. शेवटी ओल्या पांढऱ्या फडक्याने पृष्ठभाग पुसून फडक्याचा रंग नमुनापत्राशी ताडायचा.

७/ खर्च वाढतो आणि नियम पाळणाऱ्याचे काम न पाळणारा स्वस्तात पळवतो, ही कंत्राटदारांची तक्रार निराधार नाही. तिचा उपाय नियम सैल करण्यात नाही, तो सर्वांवर सारखा बजावण्यात आहे. २०२० मध्ये होम डेपो या बलाढ्य कंपनीने, तिने नेमलेल्या कंत्राटदारांच्या अशाच त्रुटींबद्दल, २ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. काम दुसऱ्याला दिले म्हणून जबाबदारी सुटत नाही, हा त्यातला बोध.

८/ वाचवलेला खर्च नाहीसाही होत नाही. तो मुलाच्या मेंदूकडून वसूल होतो. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते, मुले ते मोठ्यांहून अधिक प्रमाणात शोषतात आणि मेंदूची हानी भरून येत नाही. त्याआधी ती धूळ श्वासात जाते रंगाऱ्याच्या. त्याच्या कपड्यांवरून ती त्याच्या घरी पोहोचते, त्याच्या मुलांपर्यंत.

९/ भारताच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरवली. ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पाऊल मोलाचे, पण तेही नव्या डब्यापुरतेच. भिंतीवर आधीच बसलेल्या रंगाबद्दल त्यांत शब्द नाही. मुंबईत १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती चालूच असते. जुने वाडे व चाळीही नव्याने रंगतात.

१०/ तेव्हा दुरुस्तीच्या प्रत्येक निविदेत चार अटी असाव्यात: जुन्या रंगाची तपासणी, ओले करूनच खरवडणे, धूळ आच्छादनाबाहेर न जाऊ देणे, आणि कामगाराला धुण्याची सोय व वेगळे कपडे. यांतील शेवटची १९२१ पासून कागदावर आहे. वारसा जपायचा, तर तो खरवडणाऱ्या माणसाचा श्वास आणि त्या घरात रांगणारे मूल यांच्यासकटच जपायला हवा.