पाहुणा जेवतच नाही हो!

घरी आलेला पाहुणा ताटाला हात न लावता बसून राहिला, तर कोकणातली कुठलीही आई कासावीस होते. गेल्या महिन्यात माझी अवस्था सेम टू सेम तशीच होती. पाहुणा होता कॉपरबँड बटरफ्लाय. पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे, चिमट्यासारखं लांब तोंड. दिसायला एकदम सॉलिड! दुकानदार म्हणाला, 'काहीपण खातो, टेन्शन नका घेऊ.' (या वाक्यावर कधीच विश्वास ठेवू नका. मासा घेण्याआधी त्याला तिथेच, आपल्यासमोर खायला घालायला सांगा.) तीन दिवस झाले, साहेबांनी एक दाणा चाखला नाही.

पहिल्या दिवशी खायला घालायचंच नसतं, हे मला नंतर कळलं. विचार करा, समुद्रातून उचललं, पिशवीत कोंबलं, गावोगाव फिरवलं आणि आता डोळ्यांवर लाइट मारून कुणीतरी म्हणतंय, 'जेव!' कोण जेवेल? टँकचा लाइट बंद ठेवायचा, लपायला दगडाची कपार द्यायची आणि जुने मेंबर दादागिरी करत असतील तर मध्ये जाळी टाकायची. मी मात्र रोज मूठमूठ पेलेट्स ओतत होते. त्या कुजल्या की पाण्यात अमोनिया वाढतो, म्हणजे मासा उपासाने मरायच्या आधी त्यानेच जायचा.

खरी गोची वेगळीच आहे. पेलेट हे खाणं आहे, हेच समुद्रातून आलेल्या माशाला माहीत नसतं. हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशचं बरं असतं, लहानपणापासून डब्यातलंच खातो. आमच्या साहेबांचं तोंड खडकाच्या फटीतले किडे टिपायला बनलेलं.

रविवारी झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघायला गेले. शाळेच्या ट्रिपला तिथे फक्त देवमाशाचा सांगाडा बघितला होता. या वेळी काचेपाशी उभं राहून कोण कसं खातं तेवढंच बघितलं. कुणी तळ उकरतंय, कुणी दगड टोचतंय. येताना गाडी थेट मिरकरवाड्याला.

'मावशी, तिसऱ्या अर्धा वाटा द्याल?'

'अर्ध्या वाट्यात कोणाचं पोट भरणार गो?'

'माशाचं!'

मावशी हसून हसून लोटपोट.

तिसऱ्या धुतल्या, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या (त्याने परजीवींचा धोका कमी होतो), मग गार गेल्यावर एक उघडून दगडांच्या फटीत खोचली. लांबून बघत बसले. वीस मिनिटं काही नाही. मग चिमटा पुढे आला, एक टोच, परत मागे. दुसऱ्या दिवशी शिंपला चाटूनपुसून साफ!

पाठ डोक्यामागे आत गेलेली दिसली, पोट खपाटीला लागलं, की समजा वेळ कमी आहे. आमचा त्या आधी वळला. छोट्या माशांसाठी आर्टेमियाची अंडी मिळतात. खाऱ्या पाण्यात एअरपंप लावून ठेवली की दिवसभरात पिल्लं वळवळायला लागतात, आणि हलणारं खाणं बघून भले भले उपास सोडतात. ताजा जवळाही चालतो, धुऊन, बारीक करून. खारवलेला सुका मात्र नको.

आता तिसरीच्या मांसात पेलेटचा चुरा मिसळून देतेय. साहेब मांस खातात, चुरा थुंकतात. मावशी बाजारात दिसल्या की लांबूनच ओरडतात, 'जेवला का गो तुझा पाहुणा?'