आपद्धर्म की नित्यधर्म?

‘कोरोनात चालवून घेतलं ते घेतलं. आता पेशंटनं दवाखान्याची पायरी चढलीच पाहिजे.’ डॉक्टरांच्या गप्पांत हे वाक्य अजूनही ऐकू येते, आणि ते बोलणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात. दुसऱ्या टोकाला फोनवर डॉक्टर पुरवणाऱ्या धंद्याचे कैवारी आहेत. त्यांचे म्हणणे, ‘महामारीनं आमचं काम सिद्ध केलं, आता नियमांची कटकट कशाला?’ पहिल्या पक्षाला 2020 मध्ये दिलेली सवलत परत घ्यायची आहे, दुसऱ्याला त्या सवलतीची वेसण सोडवायची आहे. माझ्या मते दोघांचेही चुकते आहे, आणि चूक एकाच ठिकाणी आहे. टेलिमेडिसिन हा महामारीतला आपद्धर्म होता, असे दोघेही धरून चालतात. एक म्हणतो आपत्ती सरली, धर्म सोडा. दुसरा म्हणतो आपत्तीतले मोकळे रान तसेच राहू द्या.

आधी घडले काय ते पाहू. 25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या साथीने ती काढली, आणि मे महिन्यात ती 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडली गेली. फोन, व्हिडिओ किंवा लेखी संदेश यांवरून नोंदणीकृत डॉक्टर सल्ला देऊ शकतो, हे देशपातळीवर पहिल्यांदाच स्वच्छ शब्दांत लिहिले गेले. परिशिष्टावर मुदतीची तारीख नव्हती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही ती तात्पुरती सूट नव्हती, आचारसंहितेतली दुरुस्ती होती.

आता पहिल्या पक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. न तपासता औषध देणे हा निष्काळजीपणा आहे, आणि तसे मुंबई उच्च न्यायालयानेच म्हटले आहे, असा दाखला दिला जातो. जुलै 2018 मध्ये रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारताना न्यायालयाने निदानाशिवाय औषधोपचार करणे हा गुन्हेगारी स्वरूपाचा निष्काळजीपणा ठरवला, हे खरे. त्या निर्णयानंतर अनेक डॉक्टरांनी रुग्णांचे फोन घ्यायचे थांबवले, हेही खरे. पण प्रकरण काय होते? सिझेरियन होऊन घरी गेलेली बाई पुन्हा त्रास होऊ लागला म्हणून रुग्णालयात दाखल झाली. डॉक्टर गावात नव्हते, त्यांच्या जागी दुसरा डॉक्टर नव्हता, आणि फोनवरच्या सूचनांवर उपचार चालले. बाई दगावली. खाटेवरच्या रुग्णाला डॉक्टरविना ठेवणे हा तिथला मूळ प्रश्न होता. ठपका निदान न केल्याचा आहे, फोन वापरल्याचा नव्हे. शिवाय तो जामिनावरचा आदेश होता, दोषनिश्चितीचा निकाल नव्हे. रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाची गोळी फोनवरून चालू ठेवणाऱ्या डॉक्टरला त्या प्रकरणाच्या पंगतीला बसवणे अन्यायाचे आहे.

2020 च्या नियमांनी नेमका हाच भेद केला. साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधे पहिल्या खेपेला व्हिडिओवर रुग्णाला पाहूनच लिहिता येतात. काही मात्र आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला, त्याच आजारासाठी, सहा महिन्यांच्या आतल्या फेरसल्ल्यातच वाढवून देता येतात. अमली पदार्थ आणि शेड्यूल एक्समधली औषधे पूर्ण वर्ज्य. तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार सांगून रुग्णाला प्रत्यक्ष उपचाराकडे धाडायचे. पुरेसे कळत नाही असे वाटले तर डॉक्टरने ‘समोर या’ म्हणायचे, आणि ते ठरवण्याचा अधिकार डॉक्टरचाच. ‘न तपासता औषध’ ही ज्यांची भीती आहे, त्यांनी निदान ही यादी एकदा वाचायला हवी होती.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे: संकट संपले, गरजही संपली. माझी मावशी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. तिचे डॉक्टर चिपळूणला. तीच गोळी चालू ठेवायची की बदलायची, एवढ्या प्रश्नासाठी सकाळची एसटी, सोबतीला कोणीतरी, त्या सोबत्याची बुडालेली मजुरी आणि परतायला संध्याकाळ. यातले काय कोरोनाने आणले होते? तिचे डॉक्टर 2020 च्या आधीही फोनवर सांगतच होते, फक्त चोरीछुपे, आणि लिहून देत नव्हते. महामारीने गरज निर्माण केली नाही. झाकलेली गरज कागदावर आणली, एवढेच.

आकडेही हेच सांगतात. मोहालीच्या सी-डॅकने उभारलेली ‘ई-संजीवनी’ ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली, कोरोनाच्या आधी. घरबसल्या वापरायची तिची ओपीडी एप्रिल 2020 मध्ये आली. दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा तिने फेब्रुवारी 2023 मध्ये गाठला, तेव्हा टाळेबंदी उठून कितीतरी दिवस लोटले होते आणि दवाखाने भरून वाहत होते. त्या वेळी एकट्या आंध्र प्रदेशात तीन कोटींहून अधिक सल्ले झाले होते, महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आत. लाभ घेणाऱ्यांत सुमारे 57 टक्के स्त्रिया होत्या. गरिबाला आणि बाईला हे तंत्र जमणार नाही, म्हणणाऱ्यांनी या टक्केवारीपाशी जरा थांबावे. तालुक्याला जायला ज्यांना घरच्यांची परवानगी, सोबत आणि बसभाडे या तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात, त्यांनीच ही वाट जास्त धरली.

इथे एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर माझीही वकिलीच होईल. ई-संजीवनीवरचे फार मोठ्या संख्येचे सल्ले रुग्णाच्या हातातल्या मोबाइलवरून झालेले नाहीत. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतो, रक्तदाब, साखर, ताप बघतो आणि मग पलीकडच्या डॉक्टरला जोडतो. सरकारी योजनेला संख्येचे लक्ष्य लागले की संख्या कशी फुगते, हेही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा दहा कोटी सल्ले म्हणजे दहा कोटी बरे झालेले रुग्ण, असे मी म्हणणार नाही. पण या कबुलीने पहिल्या पक्षाला बळ मिळत नाही. उलट दुसरा पक्ष उघडा पडतो.

कारण कंपन्यांचा दावा असा की त्यांचे ॲप म्हणजेच टेलिमेडिसिन. पण ज्या रुग्णाजवळ तपासणारा हात आहे त्याचा फोन वेगळा, आणि ज्याच्याजवळ फक्त पडदा आहे त्याचा वेगळा. पहिल्यात डॉक्टरचे कान लांब गेलेले असतात, दुसऱ्यात अनेकदा डॉक्टर नुसता शिक्का होतो. औषध विकणाऱ्या ॲपवर आधी औषध निवडायचे, मग दोन मिनिटांच्या फोनवर एका अनोळखी डॉक्टरकडून चिठ्ठी मिळवायची. याला सल्ला म्हणत नाहीत, ही पावती झाली. 26 मार्च 2020 रोजी केंद्राने ईमेलवर आलेल्या चिठ्ठीवर घरपोच औषध द्यायला मुभा दिली, ती मुळात जवळच्या औषध दुकानासाठी होती. तिचा आधार घेऊन मोठी दुकानदारी उभी राहिली, आणि औषधविक्रेत्यांची संघटना ती अधिसूचना मागे घ्या म्हणत आली. नियम म्हणजे अडथळा, असे ज्यांना वाटते त्यांनी आधी हे सांगावे: रुग्णाला चुकीचे औषध गेले तर कोर्टात उभे कोण राहणार, चिठ्ठीवर सही करणारा तरुण डॉक्टर की ॲपचा मालक?

2020 च्या नियमांचे उत्तर अपुरे आहे, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. वैद्यक नियामकाची सत्ता डॉक्टरवर चालते, कंपनीवर नाही. म्हणून नियमांनी आडवळण घेतले. ॲपने फक्त नोंदणीकृत डॉक्टर ठेवावेत, यंत्राने स्वतः सल्ला वा औषध देऊ नये, आणि हे मोडले तर त्या ॲपला काळ्या यादीत टाकून डॉक्टरांनाच तिथे काम करायला मनाई करावी. म्हणजे दंडाचा दांडू पुन्हा डॉक्टरच्याच पाठीवर. परदेशी बसलेल्या रुग्णाला दिलेला सल्ला तर या नियमांच्या कक्षेबाहेरच ठेवला आहे. न्यू जर्सीतला मराठी माणूस पुण्यातल्या आपल्या जुन्या डॉक्टरला रात्री फोन लावतो, तेव्हा ते दोघेही या कायद्याच्या छपराखाली नसतात.

तेव्हा माझा पक्ष असा. टेलिमेडिसिन हा नित्यधर्म आहे, आणि नित्यधर्माला नित्याचे नियम लागतात. ॲप चालवणाऱ्या कंपनीवर थेट जबाबदारी टाकणारा कायदा हवा. डॉक्टरची सही भाड्याने घेऊन सुटका होता कामा नये. सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकाच तिजोरीत पैसे टाकत असतील, तर ते रुग्णाला आधी सांगणे सक्तीचे हवे. सरकारने पडद्यांपेक्षा हातांवर जास्त खर्च करावा. प्रत्येक उपकेंद्रात चालू स्थितीतले रक्तदाबयंत्र, ऑक्सिमीटर आणि ते वापरणारा माणूस असेल, तर गुहागरच्या वाडीतली मावशी अर्धी तपासली गेलेली असते. घरपोच औषधांची 2020 ची मुभा घाईतली होती. तिच्या जागी विचार करून केलेला नियम यायला हवा. आणि फोनवर सल्ला देणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरला, त्याने नोंद ठेवली आणि मर्यादा पाळली असेल तर, संरक्षण मिळायला हवे. हे शेवटचे मी पहिल्या पक्षाच्या डॉक्टरांसाठीच मागतो आहे, त्यांनी माझ्या विरोधात उभे राहू नये.

‘हे सगळे होईल हळूहळू’, असे कोणी म्हणेल, म्हणून एक हिशेब मांडतो. वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी नवी आचारसंहिता जाहीर केली. तिच्यात टेलिमेडिसिनचे नियमही होते. डॉक्टरांचा वाद पेटला तो मुख्यतः जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून, आणि 23 ऑगस्टला सगळी संहिताच स्थगित झाली. सुक्याबरोबर ओलेही जळाले, आणि पुन्हा 2002 च्या संहितेला जोडलेले 2020 चे परिशिष्टच कामाला लागले.

देशातली पहिली टाळेबंदी 21 दिवसांची होती, आणि टेलिमेडिसिनचे नियम तिच्या पहिल्याच दिवशी निघाले. नवी संहिता जाहीर होऊन स्थगित झाली, त्यातही 21 दिवसच गेले.