पोरक्यांची ओवरी

फ्लॉरेन्सला जाऊन आलेले गृहस्थ ओळखायला वेळ लागत नाही. चहाचा पहिला घोट उतरतो न उतरतो तोच मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' निघतो, आणि दुसऱ्या घोटाला ब्रुनेलेस्कीच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या! तो घुमट पाहावाच. पण वाचकहो, त्याच ब्रुनेलेस्कीची आणखी एक वास्तू तेथून चालत थोड्याच अंतरावर आहे. तिच्याविषयी मात्र हे गृहस्थ सहसा बोलत नाहीत.

ती राजवाडा नव्हे की देऊळ नव्हे. टाकून दिलेल्या मुलांचे ते घर. 'ऑस्पेदाले देली इन्नोचेन्ती', म्हणजे निष्पापांचे आश्रयस्थान. रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने भार उचलला, १४१९ साली काम सुरू झाले आणि १४४५ च्या फेब्रुवारीत पहिले मूल आले. ती मुलगी होती.

दर्शनी बाजूस नऊ कमानींची ओवरी आहे. खांब जेवढा उंच, तेवढेच दोन खांबांमधले अंतर आणि तेवढीच ओवरीची खोली. हिशेब एवढाच, पण नजर कशी निवते! करडा दगड, पांढरा गिलावा, बडेजाव कसला तो नाही. नव्या वास्तुकलेचा ओनामा येथेच गिरवला गेला, असे जाणकार मानतात. कमानींच्या वर, १४८७ च्या सुमारास, आन्द्रेआ देल्ला रोब्बियाने भाजलेल्या मातीची बाळे बसवली: निळ्या वर्तुळात दुपट्यात बांधलेले पांढरेशुभ्र तान्हुले, हात पसरलेले.

ओवरीच्या टोकाला एक खिडकी आहे. तिच्यातून मूल आत सोडायचे आणि मागे न पाहता निघून जायचे. १८७५ साली ती बंद झाली. जाताना कोणी बाळाजवळ अर्धे नाणे ठेवी, अर्धे स्वतःपाशी. पुढेमागे ओळख पटावी म्हणून. आत आलेली सगळीच मुले जगली नाहीत, आणि कित्येक आया परतल्याही नाहीत. त्या खुणा मात्र तेथल्या संग्रहालयात लहान लहान खणांत जपलेल्या आहेत.

प्रबोधनकाल म्हणजे माणसाचा गौरव, असे आम्ही मास्तर लोक वर्गात सांगतो. कोणत्या माणसाचा, हे सांगायचे राहून जाते. ज्याचे नावगावही ठाऊक नाही, अशा पोराच्या डोक्यावर छप्पर घालायला त्या शहराने आपला सर्वांत मोठा कारागीर दिला. पोरक्याला उरलेसुरले चालेल, असे तेथे कोणी म्हटले नाही.

'डेव्हिड'चे दर्शन झाले की तेथून पाचच मिनिटे चाला. ओवरीच्या पायरीवर घटकाभर टेका, आणि मग वर पाहा.