दुबार नाव आणि एक वर्षाची कैद

छावणी ओलांडून दौलताबादच्या वाटेला लागले की पडेगाव येते. एके काळचे हे खेडे आता छत्रपती संभाजीनगरचे उपनगर झाले आहे. समजा, वैजापूर तालुक्यातील एक कुटुंब येथे घर घेऊन राहू लागले. नव्या पत्त्यावर त्याने नाव नोंदवले, गावचे मात्र काढले नाही. शेत तेथे, भाऊबंद तेथे आणि ग्रामपंचायतीचे राजकारणही तेथेच. स्थानिक निवडणुकांना विधानसभेचीच मतदारयादी वापरली जात असल्याने हा मोह सुटत नाही. हे कुटुंब गुन्हेगार ठरते काय?

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमे १७ व १८ दुबार नोंदणीस मनाई करतात. पण त्यांत शिक्षा नाही. शिक्षा आहे ती कलम ३१ मध्ये, आणि तीही दुबार नावाला नव्हे, तर जाणूनबुजून केलेल्या खोट्या लेखी निवेदनाला : एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या मतदाराच्या नमुना ६ वर 'माझे नाव अन्यत्र नाही' अशी घोषणा असते. तिच्याखालची सही बहुतेक जण न वाचताच करतात! याउलट, स्थलांतराचा नमुना ८ भरूनही यंत्रणेने जुने नाव तसेच ठेवले, तर दोष मतदाराचा नाही.

यंत्रणेसाठी कलम ३२ आहे. वाजवी कारणाविना कर्तव्यात कसूर केल्यास किमान तीन महिने, कमाल दोन वर्षे कैद आणि दंड. शिक्षा नागरिकाहून कडक. तथापि निवडणूक आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशाने तक्रार झाल्याखेरीज न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे कुलूप भक्कम, पण किल्ली घरातच.

खरा प्रश्न संघटित नोंदणीचा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यात सहा हजारांहून अधिक अर्ज अवैध ठरून फेटाळले गेले, पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. मात्र ऑनलाइन अर्जात कलम ३१ लावायचे तर निवेदन करणारा हात कोणाचा, हे आधी सिद्ध व्हावे लागते. पडेगावच्या भाबड्या अर्जदाराचा पत्ता अर्जावरच असतो. संगणकाआड बसलेल्याचा नसतो.

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांपूर्वी राज्य निवडणूक आयोगाने दुबार भासणाऱ्या नावांपुढे दोन तारे छापून एकाच ठिकाणी मतदान करण्याची हमी घेण्याचा मार्ग निवडला. त्यात खटल्याचा धाक नव्हता. पण मतदान आटोपल्यावरही ती दुसरी नावे विधानसभेच्या यादीतून आपोआप जात नाहीत. त्यासाठी पुन्हा कोणी तरी अर्ज करावा लागतो, किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याने स्वतःहून कारवाई करावी लागते.